पहिल्या बाकावरच्या ताई

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका कॉलेजात कुमुदिनी भोपी अर्थशास्त्र शिकवायची. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढीच नोकरी. बदलापूर गावातून ती सकाळी स्कूटीवर निघायची आणि पहिल्या लेक्चरला वर्गात उभी असायची. कायमस्वरूपी प्राध्यापकांना नको असलेली कामं तासिकावाल्यांकडे यायची. त्यामुळे जुलैच्या शेवटी प्राचार्यांनी मीटिंग बोलावली, तेव्हा जे काम निघेल ते आपल्याच गळ्यात पडणार हे तिने ओळखलं होतं.

"दरवर्षी आपण काय करतो?" प्राचार्य म्हणाले. "परीक्षा होते, निकाल लागतो, मग आपण विचारत बसतो की पोरं नापास का झाली. तोवर निम्मी कॉलेज सोडून गेलेली असतात. या वर्षी थांबायचं नाही. आत्ताच शोधा, कोण मागे पडतंय ते. त्याच्याशी बोला, घरी फोन करा."

शोधायचं कसं, तेही लगेच ठरलं. ज्याची हजेरी कमी आणि चाचणीत मार्क कमी, तो मागे पडतोय. कुमुदिनीच्या वाट्याला पहिल्या वर्षाच्या बीकॉमची एक तुकडी आली.

त्या तुकडीत पायल शेजवळ होती. अंबरनाथच्या बुवापाड्यात राहणारी, उंच, सडपातळ, वर्गात नेहमी शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी मुलगी. कुमुदिनीच्या अर्थशास्त्राला ती यायची, इंग्रजीलाही यायची. पण अकाउंट्सच्या लेक्चरला ती सुरुवातीचे काही दिवस बसली आणि मग दिसेनाशीच झाली. अकाउंट्सच्या चाचणीत तिने फक्त नाव आणि रोल नंबर लिहून पेपर दिला होता.

अकाउंट्स मुकेश सर शिकवायचे. उल्हासनगरचेच सिंधी, तीस वर्षं एकाच विषयात मुरलेले. मराठी, हिंदी आणि सिंधी एकाच वाक्यात बोलायचे. कुमुदिनीने त्यांना पायलबद्दल विचारलं.

"शेजवळ? वो सायन्सवाली?" ते चहाचा घोट घेत म्हणाले. "मॅडम, ती पोरगी इंटरेस्टेडच नाय. बारावी सायन्सला कमी मार्क पडले, म्हणून इकडे आली. असे दरवर्षी येतात. त्यांना वाटतं कॉमर्स म्हणजे टाइमपास."

"पण सर, तिने अकरावी-बारावीला बुक-कीपिंग केलेलंच नाही ना."

"तो? मैं एक अकेली के लिए अलिफ-बे से शुरू करूं? बाकी वर्गाने दोन वर्षं केलंय."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. वर्ग मोठा, पोर्शन मोठा आणि दिवस थोडे, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

कुमुदिनीने पायलला भेटायला दोनदा निरोप पाठवला. ती आली नाही. मग एके सकाळी अकाउंट्सचं लेक्चर चालू असताना कुमुदिनी मुलींच्या कॉमन रूमवरून जात होती, तेव्हा दार अर्धवट उघडं होतं. आत खिडकीशी पायल एकटीच बसली होती. मोबाइल तोंडाजवळ धरून ती हळू आवाजात, अगदी मायेने काहीतरी सांगत होती. मध्येच हसली आणि म्हणाली, "घाबरू नकोस ना. मी आहे ना तुझ्यासोबत."

कुमुदिनीला जे समजायचं ते ती समजली. अठरा वर्षांची पोरगी, लेक्चर बुडवून फोनवर असं बोलतेय. आत जाऊन विचारावं असं एकदा तिच्या मनात आलं, पण तिला संकोच वाटला. त्यापेक्षा घरी कळवलेलं बरं.

तिने स्टाफरूममध्ये येऊन पायलच्या अर्जावरचा पालकांचा नंबर लावला. रिंग वाजायला लागली आणि त्याच वेळी बाहेरच्या व्हरांड्यात कुणाचा तरी मोबाइल वाजायला लागला.

"हॅलो?" असं बाहेर कुणी बाई म्हणाली. तेच "हॅलो" कुमुदिनीच्या कानातल्या फोनमधूनही आलं.

कुमुदिनीने दाराकडे पाहिलं. दारात स्वप्नालीताई उभ्या होत्या. एका हातात असाइनमेंटचे कागद, दुसरा हात फोन धरून कानाशी.

स्वप्नालीताईंना कॉलेजात ओळखत नाही असं कुणी नव्हतं. चाळिशीच्या, इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. बीएच्या पहिल्या वर्षाला त्यांनी याच वर्षी प्रवेश घेतला होता, बारावी झाल्यानंतर बावीस वर्षांनी. कुमुदिनी बीएलाही शिकवायची; तिच्या अर्थशास्त्राच्या तासाला त्या पहिल्या बाकावर बसायच्या, एक दिवस चुकवायच्या नाहीत आणि फळ्यावरचं प्रत्येक अक्षर उतरवून घ्यायच्या. कुमुदिनी शिकवता शिकवता अडखळली, की तिचं लक्ष आपोआप त्यांच्याकडे जायचं. त्या मान हलवायच्या आणि तिला धीर यायचा. स्टाफरूममध्ये ती सांगायचीसुद्धा, "पोरांनी स्वप्नालीताईंकडून शिकावं."

"मॅडम, तुम्हीच फोन केलात?" त्यांनी गोंधळून विचारलं.

"तुम्ही पायल शेजवळच्या..."

"आई." त्या आत आल्या. "का हो? काय झालं?"

शेजवळ आडनावाची मुलं कॉलेजात बरीच होती. कुमुदिनीने कधी जोडून पाहिलंच नव्हतं. आता फोन ठेवून देण्याची वेळ निघून गेली होती. तिने जमेल तितकं सौम्य करून सांगितलं. पायल अकाउंट्सला बसत नाही, चाचणीचा पेपर कोरा दिलाय. फोनवर कुणाशी तरी बोलत असते हेही तिच्या तोंडून निघून गेलं.

स्वप्नालीताईंनी हातातले कागद टेबलावर ठेवले आणि परत उचलले.

"ती तर रोज माझ्यासोबत येते," त्या म्हणाल्या. "एकाच शेअर रिक्षात येतो आम्ही. फक्त गेटच्या अलीकडे ती पुढे जाते, मी मागे राहते. तसं ठरलंय आमचं. कॉलेजात ओळख दाखवायची नाही. तिला बरं वाटत नाही हो, आई कॉलेजात म्हणजे... मैत्रिणी हसतात. मीपण म्हटलं, ठीक आहे." आणि मग त्यांनी विचारलं, "कोण मुलगा आहे?"

"मला माहीत नाही, ताई. कदाचित मुलगा नसेलही."

पण ते वाक्य त्यांनी ऐकलं नाही. त्यांचं पुढचं लेक्चर होतं. त्या लेक्चरला गेल्या नाहीत. जिन्यावरून खाली उतरताना कठड्याला हात धरून हळूहळू उतरल्या, कुमुदिनीने ते वरून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहिला बाक रिकामा होता.

कुमुदिनीने त्या दिवशी मागणीचा नियम पुढे शिकवला. एके ठिकाणी अडखळली, सवयीने पहिल्या बाकाकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे. वर्गात चाळीसेक मुलं होती. कुणाच्याच चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

तास संपवून ती बाहेर आली, तर स्टाफरूमच्या दाराशी पायल उभी होती. डोळे सुजलेले, ओठ घट्ट मिटलेले.

"मॅम, तुम्ही माझ्या आईला का सांगितलं?"

"आत ये, बस."

"नाही बसायचं मला. मला आधी विचारायचं ना! निरोप पाठवला होता म्हणाल, मला माहितेय. नाही आले मी. पण डायरेक्ट आईला?" तिचा आवाज चढला, मग तिने स्वतःच तो खाली आणला. "काल घरी काय काय झालं माहितेय? पप्पा म्हणाले फोन दाखव. आजी रडायला लागली. आणि आई म्हणते, मी कॉलेज सोडते. म्हणे माझ्या शिकण्याच्या नादात पोरीकडे लक्ष राहिलं नाही. आज आली नाही ती. मशीनवर बसलीये."

कुमुदिनीने तिला खुर्ची ओढून दिली. या वेळी पायल बसली.

"फोनवर कोण होतं, पायल?"

"कुणी नव्हतं. व्हॉइस नोट बनवत होते मी. आईसाठी." तिने ओढणीने नाक पुसलं. "तिला इंग्लिश कंपल्सरी आहे ना. त्यातला एक शब्द तिला कळत नाही. माझं शाळेत सेमी इंग्लिश होतं, म्हणून मी एकेक पान मराठीत समजावून रेकॉर्ड करते. ती घरी ब्लाऊज शिवताना कानाला लावून ऐकते. घाबरते ती खूप. मग मध्ये मध्ये मी बोलते, घाबरू नकोस म्हणून."

कुमुदिनीने हातातला मोबाइल टेबलावर उलटा ठेवला.

"अकाउंट्सच्या वेळेला कॉमन रूम रिकामी असते," पायल म्हणाली. "तिथे बसून निदान एक काम तरी नीट होतं माझ्याकडून. वर्गात बसले की सगळे डेबिट-क्रेडिट, डेबिट-क्रेडिट करतात आणि मला वाटतं मी एकटीच ढ आहे. सर म्हणाले, ये तो बारहवी में हो गया है. सगळे 'यस सर' म्हणाले. मी कसं सांगणार, माझं नाही झालं म्हणून?"

"मला सांगायचं होतंस."

"तुम्हाला?" ती पहिल्यांदाच थेट बघून बोलली. "मॅम, तुम्ही कोण मागे पडतंय ते शोधताय ना? मग माझी आई तुम्हाला नाही सापडली? ती तर तुमच्यासमोर बसते. रोज येते, रोज लिहिते. तिला इंग्लिश सोडा, तुमचं इको पण कळत नाही. पण तिची हजेरी पूर्ण आहे ना, मग तिला कोण विचारणार?"

मुकेश सर कोपऱ्यात पेपर तपासत होते. त्यांचा हात थांबला होता.

पायल उठली. जाता जाता म्हणाली, "तिला परत आणा. माझं मी बघेन."

दुपारी कुमुदिनी स्कूटी घेऊन थेट बदलापूरला न जाता अंबरनाथला वळली. शिवमंदिराच्या रस्त्याला श्रावणातली गर्दी होती, बेलाच्या टोपल्या आणि दुधाच्या पिशव्या घेऊन बसलेल्या बायकांमधून वाट काढत ती बुवापाड्यात पोहोचली. शेजवळांचं घर विचारल्यावर एका पोराने विहाराकडे बोट दाखवलं. "निळ्या विहाराच्या मागे. मशीनचा आवाज येईल तेच."

आवाज येत होता. खालच्या खोलीत दाराशीच स्वप्नालीताईंचं शिलाई मशीन होतं. त्यांच्या सासूबाई, भागीरथीबाई, आत खाटेवर मेथी निवडत होत्या. नवरा नरेंद्र एमआयडीसीतल्या कंपनीत दुसऱ्या पाळीला गेला होता.

"मॅडम, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?" स्वप्नालीताई उठल्या, कापडाचे तुकडे बाजूला सारून त्यांनी प्लास्टिकची खुर्ची पुसली.

"माफी मागायला," कुमुदिनी म्हणाली. "मी पायलबद्दल चुकीचं बोलले."

"कळलं मला. तिने फोन माझ्यासमोर टाकला. म्हणाली, बघ कोण आहे तो." त्या कसंबसं हसल्या, पण डोळे भरले. "सगळ्या माझ्याच व्हॉइस नोट. मला वाटायचं पोरगी ऑफ पीरियडमध्ये बनवते. माझ्यासाठी तिने तिचे तास घालवले, मॅडम."

"तुमच्यासाठी नाही घालवले. त्या वर्गात तिला बसवत नव्हतं."

"तेच ना. मला दिसलं कसं नाही?" त्या मशीनच्या फळीवर बोट फिरवत राहिल्या. "तुम्हाला सांगते, अॅडमिशनच्या वेळी काय झालं. तिचा फॉर्म भरायला गेलो होतो. खिडकीतल्या क्लार्कने गंमत केली, ताई, तुमची बारावी झालीये ना, मग तुम्हीपण घ्या की अॅडमिशन. तो हसला, मी हसले. घरी येऊन मी पायलच्या पप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, मग घे की, कुणी अडवलंय. झालं. पाड्यात बातमी. विहारात सत्कार. बायका घरी येऊन पेढे देऊन गेल्या. सगळे माझंच कौतुक करत होते. आणि पायल तिथेच पाणी देत उभी. तिला कुणी विचारलं नाही की तू काय घेतलंस. सायन्स जमलं नाही म्हणून आधीच खचलेली पोर ती. तिच्या वाट्याचं सगळं मी खाऊन टाकलं."

"असं काय बोलतेस गं?" आतून भागीरथीबाई म्हणाल्या. "लेकीच्या ताटातलं आई खात नाय कधी. दोघींचं ताट वेगळं." आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या.

कुमुदिनीने विचारायचं ठरवलेलं विचारलं.

"ताई, खरं सांगा. माझ्या तासाला तुम्हाला कळतं का?"

स्वप्नालीताईंनी खाली पाहिलं. मशीनच्या सुईखाली अर्धा राहिलेला ब्लाऊज होता, त्याचा दोरा त्यांनी उगाच तोडला.

"मी सगळं उतरून घेते, मॅडम. एक ओळ सोडत नाही."

"ते मला माहितेय. पण कळतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला थोडं कळायचं. मग ते ग्राफ आले आणि इंग्रजी नावं. मी घरी येऊन वाचते, तर माझंच अक्षर मला परकं वाटतं."

"पण मी तुमच्याकडे पाहिलं की तुम्ही मान हलवायच्या!"

"तुम्हाला बरं वाटायचं ना," स्वप्नालीताई अगदी सहज म्हणाल्या. "तुम्ही नवीन आहात. पोरं मागे दंगा करतात, तुमच्याकडे कुणी बघत नाही. मला वाटायचं, एकाने तरी मान हलवावी."

कुमुदिनी एकदम हसली आणि मग तिलाच कळेना आपण हसतोय का रडतोय. स्वप्नालीताईही हसायला लागल्या. मग भागीरथीबाईंनी चहा टाकायला सांगितला.

निघताना कुमुदिनी म्हणाली, "उद्या या. मान हलवायला नका येऊ. कळलं नाही तर कळलं नाही म्हणायला या."

"एवढ्या पोरांसमोर?"

"एवढ्या पोरांसमोर."

"मी त्यांच्या आईच्या वयाची आहे, मॅडम. आणि मी तर... सगळ्यांना वाटतं मी हुशार आहे."

कुमुदिनीने त्यांचा हात दाबला आणि स्कूटी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी स्वप्नालीताई आल्या. बसल्या मात्र तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेला. कुमुदिनीने मागणीचा नियम संपवून विचारलं, "समजलं सगळ्यांना?" नेहमीसारखा वर्गातून एक सुस्त "हो" आला. ती थांबली. कुणाकडे पाहायचं नाही असं तिने ठरवलं होतं, म्हणून ती डस्टरकडे बघत उभी राहिली.

"मॅडम," स्वप्नालीताई उभ्या राहिल्या. "मला नाही समजलं. आजचंपण नाही आणि मागचंपण नाही. ती रेघ खाली का येते, ते मला पहिल्यापासून कळलेलं नाही."

मागे कुणीतरी खुसखुसलं. मग मधल्या रांगेतला एक मुलगा, जो नेहमी कानात इअरफोन घालून बसायचा, तो म्हणाला, "मॅम, मलापण नाही." त्याच्या शेजारची म्हणाली, "मॅम, मराठीत सांगा ना एकदा." मग हात वर व्हायला लागले, हळूहळू, एकमेकांकडे बघत. कुमुदिनी मोजायच्या भानगडीत पडली नाही. तिला एवढंच कळलं, की महिनाभर ती जवळजवळ रिकाम्या वर्गाला शिकवत होती.

तिने फळा पुसला. "भेंडी," तिने लिहिलं. "महाग झाली तर तुम्ही काय करता, ताई?"

"कमी घेते. नाहीतर गवार घेते."

"मग ही रेघ तेच सांगतेय."

तो तास संपला तेव्हा पुढच्या लेक्चरचे सर दारात उभे राहून घसा खाकरत होते.

पायलचं काम मात्र एवढ्या सहज झालं नाही. कुमुदिनी मुकेश सरांकडे गेली आणि म्हणाली, की सायन्स-आर्ट्समधून आलेल्यांसाठी आठवड्यातून एक-दोन वेळा वेगळा तास घेता येईल का. सरांनी हात झटकले. "मॅडम, मेरी बायपास हुई है. उपरवाले वर्गात चढायला दम लागतो. आणि येणार कोण? दो बेंच भी नहीं भरेंगे."

"मग खालच्या खोलीत घ्या. एकदाच घेऊन बघा."

ते पुन्हा पेपर तपासायला लागले. पण पायलचं ते बोलणं, सगळे 'यस सर' म्हणाले ते, त्यांनीही ऐकलं होतं. दोन दिवसांनी नोटीस बोर्डावर त्यांच्याच अक्षरात कागद लागला. अकाउंट्स, अगदी सुरुवातीपासून, ज्याला यायचं त्याने यावं, हजेरी घेतली जाणार नाही.

पहिल्या दिवशी खोली अर्धीअधिक भरली. मुकेश सर दारातच थबकले. "इतने सारे?" ते पुटपुटले. पायल शेवटच्या बाकावर होती, दारापाशी, पळता येईल अशी.

सरांनी खडू हातात घेतला. "बोलो, किस को क्या नहीं आता?"

कुणी बोलेना. सरांनी वाट पाहिली. पायल नंतर कुमुदिनीला सांगत होती, की आईने वर्गात उभं राहून सांगितल्याचं सगळ्या कॉलेजात पसरलं होतं. मैत्रिणी तिला येऊन म्हणाल्या होत्या, तुझी आई भारी आहे यार. त्या पायलच्या आई आहेत हे कधी कुणाला कळलं कोण जाणे, पण कळलं होतं. आणि आता आपण गप्प बसलो तर घरी काय तोंड दाखवणार?

"सर, डेबिट म्हणजे काय?" ती म्हणाली.

मुकेश सरांनी तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हा प्रश्न त्यांना असा सरळ कुणी विचारला नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली आणि ती उलटी फिरवून बसले. मग त्यांनी त्यांच्या वडिलांच्या कॅम्प दोनमधल्या कापडाच्या दुकानाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. कोण माल घेऊन जायचा, कोण आणून द्यायचा, आणि वडील प्रत्येकाचं पान दोन बाजूंनी का लिहायचे. गोष्ट सांगता सांगता त्यांनी फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारली. "बस. ये इधर आया, वो उधर गया. बाकी सब इसी का खेल है."

त्या दिवशी पायलला सगळं कळलं असं नाही. पण पुढच्या वेळी ती मधल्या बाकावर बसली.

सगळेच असे सापडले नाहीत. कुमुदिनीच्या तुकडीत जांभूळ गावचा अल्पेश होता, शांत, हसरा मुलगा. ऑगस्टनंतर तो यायचा बंद झाला. तिने या वेळी घरी फोन करण्याआधी त्यालाच मेसेज केला, मग भेटायला बोलावलं. तो आला, कॉलेजच्या गेटबाहेर उभा राहूनच बोलला. काकाच्या टेम्पोवर जायला लागला होता. "मॅडम, मना नाय जमत," तो म्हणाला. "वर्गात बसलो की झोप येतं. गाडीवर नाय येत." तिने खूप समजावलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, "पुढच्या वर्षी बगू," म्हणाला आणि परत आला नाही. मेसेजला उत्तर देणं मात्र त्याने सोडलं नाही. दसऱ्याला त्याने तिला टेम्पोला घातलेल्या हाराचा फोटो पाठवला.

सेमिस्टरची परीक्षा झाली, निकाल लागला. पायल अकाउंट्समध्ये पास झाली, अगदी काठावर. मुकेश सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "सायन्सवाली निकल गई," जणू त्यांच्याच घरातलं कुणी सुटलं होतं. स्वप्नालीताई अर्थशास्त्रात बऱ्या मार्कांनी पास झाल्या, मराठीत वर्गात दुसऱ्या आल्या आणि इंग्रजीत नापास झाल्या.

तो निकाल बघायला त्या नरेंद्रला घेऊन आल्या होत्या. नरेंद्र रात्रपाळी करून तसाच आला होता, त्याचे डोळे लाल होते. "काय करायचं आता, मॅडम?" त्याने काळजीने विचारलं. "सोडून देते म्हणते का काय कोण जाणे."

"मी कुठे म्हटलं सोडते?" स्वप्नालीताई वैतागल्या. "एटीकेटी आहे. परत बसता येतं."

पायल मागे उभी राहून मोबाइलमध्ये इंग्रजीच्या पुनर्परीक्षेची तारीख शोधत होती.

त्या पुनर्परीक्षेसाठी पायलने नव्याने काही रेकॉर्ड केलं नाही. ती म्हणाली, आता तू मला समजाव, मी ऐकते. संध्याकाळी मशीनशेजारी बसून स्वप्नालीताई एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायच्या आणि मराठीत सांगायच्या, आणि चुकलं की पायल थांबवायची. एकदा दोघींचं एका शब्दावरून जोरात भांडण झालं आणि पायलने मोबाइलमध्ये अर्थ शोधला, तर आईच बरोबर निघाली. ती गोष्ट भागीरथीबाईंनी आख्ख्या पाड्यात सांगितली.

परीक्षेच्या दिवशी कुमुदिनीची वर्गावर देखरेख नव्हती, तरी ती पेपर सुटायच्या वेळेला जिन्याशी थांबली. मुलं उतरत होती, कुणी उत्तरं ताडून बघत, कुणी शिव्या घालत. स्वप्नालीताई सगळ्यांत शेवटी आल्या. बोटांना शाई, पदर खोचलेला.

"कसा गेला, ताई?"

स्वप्नालीताईंनी खोचलेला पदर सोडला.

"पास होईन की नाही ते नाही सांगता येणार, मॅडम," त्या म्हणाल्या. "पण मागच्या वेळी मी उत्तरं लिहिली होती पाठ करून. या वेळी प्रश्न काय विचारलाय, ते कळलं."